आवृत्ती-नियंत्रण प्रणाली, वितरित : निवड

मुक्त स्रोत प्रकल्पातील फायलींच्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवण्यासाठी कोणती वितरित प्रणाली घ्यावी, याचा निर्णय. अशा प्रणालीत प्रत्येक सहभागी व्यक्तीच्या संगणकावर पूर्ण इतिहासासह रिपॉझिटरी असते. सबव्हर्जनसारख्या केंद्रीय प्रणालीत इतिहास एका सर्व्हरवर राहतो आणि कमिट करायला तिथवर पोहोचावे लागते.

पार्श्वभूमी : लिनक्स कर्नलचे काम २००२ पासून बिटकीपर या खासगी मालकीच्या प्रणालीवर चाले. एप्रिल २००५ मध्ये तिचा मोफत वापर बंद झाला. त्यामागची कारणे वेगवेगळी सांगितली जातात. त्याच महिन्यात लिनस टोरवाल्ड्स यांचे गिट व मॅट मॅकॉल यांचे मर्क्युरियल पुढे आले. मोनोटोन आणि डार्क्स त्याआधीच्या. बझार कॅनॉनिकल कंपनीच्या आश्रयाने वाढली.

पायथनचा निर्णय : या निवडीची तपशीलवार नोंद पायथन भाषेच्या प्रकल्पाने ठेवली आहे. ब्रेट कॅनन यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या ३७४ क्रमांकाच्या प्रस्तावात बझार, गिट आणि मर्क्युरियल यांची सबव्हर्जनशी तुलना आहे. तुलनेची पद्धत अनुकरणीय आहे. गुणांची यादी न करता रोजची कामे घेतली : पहिल्यांदा प्रत उतरवणे, जुन्या आवृत्तीत दुरुस्ती नेणे, नव्या सोयीवर अनेकांनी मिळून काम करणे, आवृत्ती प्रसिद्ध करणे. प्रत्येक प्रणालीत त्यासाठी कोणत्या आज्ञा द्याव्या लागतात ते लिहून काढले. विंडोजवर गिट तेव्हा कच्चे होते आणि अनेक विकासकांचा त्याला विरोध होता. बझार मर्क्युरियलपेक्षा संथ ठरली. मार्च २००९ मध्ये मर्क्युरियल निवडली गेली, स्थलांतर मार्च २०११ मध्ये झाले. फेब्रुवारी २०१७ मध्ये मात्र पायथन गिटहबवर, म्हणजे गिटवर, गेले. इमॅक्स बझारवरून २०१४ मध्ये आणि ओपनजेडीके मर्क्युरियलवरून २०२० मध्ये गिटकडे वळले. नव्या सहभागींना आधीपासून काय येते आणि होस्टिंगची सेवा कुठे मिळते, या दोन प्रश्नांचे वजन तांत्रिक गुणांपेक्षा जास्त पडते, असे या स्थलांतरांवरून दिसते.

परवाने : गिट जीपीएल २, मर्क्युरियल जीपीएल २ किंवा नंतरची.

देवनागरी मजकूर : तुलनांमध्ये हा निकष सहसा नसतो. मराठी प्रकल्पाने तो पहिल्या दिवशी तपासावा. गिट मूळ मांडणीत रोमनेतर फाइलनावे अष्टमान अंकांत दाखवते. ‘आर्णी’ या नावात पाच युनिकोड चिन्हे आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट लागतात. त्यामुळे यवतमाळ जिल्ह्यातील या तालुक्याच्या नावाची फाइल तीन अंकी अशा पंधरा गटांची रांग होऊन समोर येते, सुरुवात ३४०, २४४, २०६ अशी. ‘कोटपाथ’ ही सेटिंग बंद केली की नाव नीट दिसते.

याहून अवघड प्रश्न ‘वऱ्हाड’सारख्या शब्दांचा. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो : ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण प्रणाली बाइट ताडून पाहते आणि न बदललेली ओळ बदलली म्हणून दाखवते. गिट, मर्क्युरियल कोणतीही घेतली तरी हे टळत नाही. एकच रूप ठरवून कमिटआधी ते आपोआप तपासणारी हूक बसवावी. लांब परिच्छेद एका ओळीत राहिल्यास एका वेलांटीसाठी अख्खा परिच्छेद बदललेला दिसतो. म्हणून एका ओळीत एकच वाक्य ठेवावे.

जोडणी : आर्णीत मोबाइलच्या जोडणीवर काम करणाऱ्यालाही कमिट, ब्रांच, जुना इतिहास पाहणे हे सारे इंटरनेटविना जमते, वितरित प्रणालीचा खरा लाभ हाच. अडचण पहिल्या प्रतीची. गिटचे क्लोन मध्येच तुटले तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते. त्यावर उपाय ‘बंडल’ : सारी रिपॉझिटरी एका फाइलीत बांधून पेन ड्राइव्हवर देता येते, किंवा तुटलेले डाउनलोड पुढे चालू ठेवणाऱ्या साधनाने उतरवता येते. मोठ्या प्रकल्पांनी असे बंडल स्वतःहून उपलब्ध करून द्यायला हवे.

महाराष्ट्रातील उदाहरणे : लोहित या फाँटमालेचे मूळ फाँट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे, रेड हॅटने ते मुक्त परवान्याखाली आणले, २०११ पासून परवाना ओपन फाँट लायसन्स. मुंबईच्या एक टाइपची मुक्ता गिटहबवर आहे. फाँट बनवण्याच्या फाँटफोर्ज या साधनाच्या फायली मजकूररूपात असल्याने अक्षराच्या वळणातला बदल ओळीनिहाय तपासता येतो.

होस्टिंग : फेडोरा होस्टेड ही सेवा मार्च २०१७ मध्ये बंद झाली. बिटबकेटने २०२० मध्ये मर्क्युरियलचा आधार काढून घेतला. अशा वेळी इतिहास प्रत्येकाच्या क्लोनमध्ये सुरक्षित असतो. तक्रारी व त्यांवरील चर्चा मात्र सेवेच्या डेटाबेसमध्ये असतात आणि त्या वेगळ्या उतरवून घ्याव्या लागतात. एसक्यूलाइट प्रकल्प वापरतो ती फॉसिल प्रणाली तक्रारी आणि विकी रिपॉझिटरीतच ठेवते.