फुलोऱ्याचा मुलूख : प्रस्तावना

कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते आणि वाई, कराड करीत सांगलीला येते. महाबळेश्वरच्या पठारावर वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत पाचशे मिलिमीटर पडला तरी शेतकरी समाधान मानतो. दोन जिल्ह्यांच्या रुंदीत पावसाचे मान इतके बदलते, आणि त्याबरोबर रानही बदलते. घाटमाथ्यावर जांभूळ, हिरडा, पिसा, अंजनी, गेळा. नदीकाठी ऊस, हळद, द्राक्षे. पुढे बोरी-बाभळींचे माळ, शाळू आणि डाळिंब. मधमाशी या सगळ्या पट्ट्यात वावरते, पण प्रत्येक ठिकाणी तिचे वर्ष वेगळे असते. तिची ओळख करून घ्यायची तर आधी आपल्या मुलखाचा फुलोरा वाचता आला पाहिजे, हे या पुस्तकाचे मुख्य सांगणे आहे.

प्रथम माश्यांची ओळख. आपल्याकडची पाळता येणारी देशी माशी म्हणजे सातेरी. ती झाडाच्या ढोलीत, वारुळात, दगडी बांधाच्या पोकळीत, अंधारात एकाशेजारी एक अशी समांतर पोळी बांधते; म्हणूनच ती पेटीतही नांदते. आग्या माशी उंच झाडावर, कड्याला किंवा पाण्याच्या टाकीखाली एकच भले मोठे पोळे लावते आणि हंगाम सरला की स्थलांतर करते. तिला पेटीत कोंडता येत नाही. फुलोरी माशी झुडपातल्या बारीक फांदीभोवती लहानसे पोळे बांधते आणि कोरड्या, उष्ण भागातही टिकते. भिंतीच्या फटीत राहणारी, डंख नसलेली चिमुकली पोयाची माशीही परागीभवनात मोलाची आहे. यांत युरोपीय मेलीफेराची भर पडली. ती १९६० च्या दशकात उत्तर भारतात रुजली आणि पुढे देशभर पसरली. मेलीफेरा मध जास्त देते, पण तिला सलग, मोठा फुलोरा लागतो. तिच्या पेट्या मोहरी-सूर्यफुलाच्या मागे गावोगाव न्याव्या लागतात. घाटातल्या विखुरलेल्या फुलोऱ्यावर गुजराण करणे सातेरीला चांगले साधते.

माशी पाळण्याच्या विद्येला आपल्याकडे परंपरा आहे. महाबळेश्वरच्या परिसरात संघटित मधमाशीपालनाला १९४६ च्या सुमारास सुरुवात झाली. महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मधसंचालनालय आजही तिथूनच काम करते. १९५० च्या दशकात डॉ. जी. बी. देवडीकर आणि सी. व्ही. ठकार यांनी महाबळेश्वरच्या डोंगरांतील मध देणाऱ्या वनस्पतींच्या परागकणांचा अभ्यास केला. १९६२ मध्ये पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था उभी राहिली. मे २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. त्या घोषणेमागे डोंगरातल्या मधपाळांच्या कित्येक पिढ्यांची मेहनत उभी आहे.

परागकणांच्या अभ्यासाची गोडी काय असते, हे एका थेंबावरून कळेल. थोडा मध कोमट पाण्यात विरघळवावा, तो अपकेंद्री यंत्रात फिरवून तळाशी बसलेला गाळ काचपट्टीवर घ्यावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. जांभळाचा कण बारीक आणि तिकोनी, सूर्यफुलाचा गोल आणि काटेरी. कण ओळखता आले की तो मध कोणत्या फुलांवरून आला, कोणत्या हंगामातला आहे, याचा अंदाज बांधता येतो. बाटलीवर ‘जांभूळ मध’ असे लिहिले असेल, तर ते खरे की खोटे याची साक्ष त्या काचपट्टीवर मिळते. ग्राहकाची फसवणूक टाळायला आणि प्रामाणिक मधपाळाला रास्त भाव मिळवून द्यायला या शास्त्राचा थेट उपयोग आहे.

तरीही मध हा या व्यवहारातला लहान हिस्सा. माणसाच्या प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पिके कमी-अधिक प्रमाणात कीटक, पक्षी, वटवाघळे अशा परागवाहकांवर अवलंबून आहेत. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी पाहा. फळावर जे बारीक दाणे दिसतात, त्यांतला प्रत्येक दाणा फुलातल्या स्वतंत्र स्त्रीकेसरापासून तयार होतो. ज्या स्त्रीकेसराला पराग मिळाला, त्या दाण्याखालचा गर फुगतो; ज्याला मिळाला नाही, तिथे खळगा पडतो. वाकडी, दबलेली स्ट्रॉबेरी बाजारात मागे पडते. फुलावर मधमाश्या पुरेशा फिरल्या, की फळ सगळ्या अंगांनी भरते.

पूर्वेकडे हेच गणित निराळ्या पिकांत दिसते. कांद्याच्या फुलात पराग आधी पिकतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे बीजोत्पादनाच्या शेतात माश्यांची ये-जा असावीच लागते. सूर्यफुलात परागीभवन कमी पडले की पोचे दाणे वाढतात. आटपाडी-जतच्या डाळिंबालाही माश्यांमुळे फळधारणेत मदत होते. शाळू वाऱ्यावर फळतो. त्याला माशीची गरज नाही, पण माशी त्याचा पराग गोळा करून नेते आणि आपल्या पिल्लांना पोसते.

मधला बागायती पट्टा मात्र विचार करायला लावतो. ऊस आणि हळद यांना उत्पन्नासाठी माशी लागत नाही, आणि माशीला त्यांच्याकडून फारसे काही मिळत नाही. द्राक्षाचे फूल स्वतःच्या परागावर फळते. त्यामुळे मैलोन्‌मैल हिरवीगार दिसणारी ही शेती मधमाशीसाठी उपासमारीची असू शकते. शेताच्या बांधावरची करंज, जांभूळ, बोर, शेवगा ही झाडे तोडली, की तिचे उरलेसुरले खाद्यही जाते. त्यात फवारणीची भर. फुलोऱ्यात कीटकनाशक मारू नये. मारणे अटळच असेल तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी मारावे आणि शेजारच्या मधपाळाला आदल्या दिवशी सांगावे. एवढे पाळले तरी पुष्कळ वसाहती वाचतात.

मधपाळाच्या बाजूनेही काही पथ्ये आहेत. घाटावर जून ते सप्टेंबर माशीला बाहेर पडणे कठीण. उन्हाळ्यात जांभूळ-हिरड्यावर साठवलेला मध तिची पावसाळ्याची शिदोरी असते. वरच्या मधुकक्षातला मध काढावा, खालच्या शिशुकक्षातला तिच्यासाठी ठेवावा आणि गरज पडल्यास साखरेचा पाक द्यावा. हाव धरून सगळे ओरबाडले, तर वसाहत उपासाने मरते किंवा सातेरी घर सोडून निघून जाते. आग्या मोहोळाबाबतही तेच. चुडी पेटवून सबंध पोळे कापले की हजारो पिल्ले मरतात. त्या पोळ्यात मधाचा भाग वर, फांदीलगत एका टोकाला असतो. संरक्षक पोशाख घालून तेवढाच कापला, तर त्याच पोळ्यातून पुन्हा मध मिळू शकतो. ही रीत शिकवली जाते आणि ती शिकलीच पाहिजे.

जंगलाचे देणेही विसरता येणार नाही. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा सामूहिकपणे फुलते आणि बी धरून वाळते. पुढची पिढी उगवायची तर त्या एकाच बहरात परागीभवन साधावे लागते. कारवीचा बहर हा मधपाळासाठी सुगीचा हंगाम. कारवीसाठी मात्र माश्यांची ती फेरी वंशाचा प्रश्न असतो. चांदोली-कोयनेच्या रानात जी फळे, बिया पक्षी-प्राण्यांच्या पोटात जातात, त्यांच्या मुळाशीही अशाच असंख्य फेऱ्या आहेत.

पुस्तकाची रचना या क्रमाने केली आहे : आधी माशी, मग फुलोरा, मग पेटीची कामे, शेवटी रोग, कीड आणि बाजार. घाई असलेला वाचक थेट पेटीकडे जाईल, पण फुलोऱ्याचे प्रकरण वगळू नये, ही विनंती. ज्या मधपाळांनी आपल्या पेट्या उघडून दाखवल्या आणि न कंटाळता प्रश्नांची उत्तरे दिली, त्यांचा मी ऋणी आहे.

शेवटी वाचकाला एक काम सांगतो. एक वही घ्यावी आणि वर्षभर आपल्या गावातला फुलोरा लिहावा : कोणते झाड, कोणत्या आठवड्यात फुलले, माशी सकाळी आली की दुपारी, मकरंद नेत होती की पायांना परागाच्या गोळ्या होत्या, आणि गोळ्यांचा रंग कोणता. कोणत्या महिन्यात गावात फुलच नसते, हे त्या वहीतून कळेल. बांधावर कोणते झाड लावायचे, हेही त्यावरूनच ठरेल. पुढच्या आवृत्तीत मांघरपासून जतपर्यंतच्या अशा वह्यांना जागा देता आली, तर हे पुस्तक आपल्या कामाला आले असे मी समजेन.