वंशावळीतील गाव

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, देवघरातल्या पोथ्यांखाली किंवा एखाद्या जुन्या पेटीत, वंशावळीचा एक कागद जपून ठेवलेला असतो. मूळ पुरुषापासूनची नावे त्यात पिढीवार मांडलेली असतात. ती आपण आस्थेने वाचतो, क्वचित कुणाच्या निधनाचा शकही पडताळून पाहतो. पण नावाशेजारी बारीक अक्षरात लिहिलेल्या गावाकडे आपले लक्ष जात नाही. माणसे येतात आणि जातात, गाव कोठे जाणार, अशी आपली समजूत असते. इतिहासाचा अनुभव मात्र निराळा आहे.

माझ्या एका स्नेह्यांनी आपली वंशावळ मला दाखविली होती. त्यांच्या खापरपणजोबांच्या नावापुढे 'मुक्काम इंदूर (मध्य प्रदेश)' अशी नोंद होती आणि निधनाचा शक 1805, म्हणजे इसवी सन 1883 च्या सुमाराचा, दिला होता. तेवढ्यावरून हे पूर्वज होळकरांच्या पदरी असले पाहिजेत, अशी घरात सर्वांची खात्री झाली होती. मला खटकला तो कंसातला मजकूर. त्या काळी मध्य प्रदेश नावाचे राज्यच नव्हते, आणि होळकरांचे इंदूर त्या राज्यात आले ते 1956 साली. तेव्हा हे शब्द मागाहून घातलेले होते, हे उघड झाले. मूळ कागद आहे का, असे मी विचारले. सुदैवाने तो होता. मोडीतल्या त्या जीर्ण पानावर केवळ 'इंदूर, नजीक बोधन' असे लिहिलेले होते. बोधन हे निजामाच्या मुलखातले गाव. त्याच्या जवळचे इंदूर म्हणजेच पुढे निजामाबाद या नावाने ओळखले जाऊ लागलेले आणि 2014 पासून तेलंगण राज्यात असलेले शहर. वंशावळीची सुवाच्य प्रत करणाऱ्या आजोबांना 'नजीक बोधन' हे शब्द निरुपयोगी वाटले, म्हणून त्यांनी ते गाळले. आणि पुढच्यांना सोयीचे व्हावे म्हणून 'मध्य प्रदेश' हे शब्द घातले. दोन शब्द गेले, दोन आले, आणि एक घराणे गोदावरीच्या खोऱ्यातून उचलून माळव्यात नेऊन ठेवले गेले.

आजोबांचा हेतू चांगलाच होता. वंशावळीतल्या बहुतेक चुका अशा चांगल्या हेतूनेच होतात. जुने नाव अडचणीचे वाटते आणि आपण ते सुधारावयास जातो. खडकीचेच पाहा. खडकी म्हटले की आज पुण्याजवळची खडकी डोळ्यांपुढे उभी राहते. पण मलिक अंबराने 1610 च्या सुमारास जेथे शहर वसविले, त्या गावाचे नावही खडकीच. त्याच्या मुलाने, फतेहखानाने, त्यास फतेहनगर म्हटले, 1653 च्या सुमारास ते औरंगाबाद झाले आणि 2023 साली छत्रपती संभाजीनगर. एकाच जागेची ही चार नावे, आणि त्यांतले पहिले पुन्हा दुसऱ्याच एका गावाचेही! कागदावर कोणते नाव आहे, यावरून कागदाचा काळ कळण्यास मदत होते. सर्वत्र आजचे नाव घातले, तर तो पुरावाच आपण पुसून टाकतो.

कधी गावाचे नाव तेच राहते आणि त्याच्या भोवतीच्या सीमा बदलतात. 1930 साली लातूरजवळच्या खेड्यात जन्मलेला एखादा शेतकरी घ्या. त्याचा जन्म हैदराबाद संस्थानातल्या उस्मानाबाद जिल्ह्यातला. 1948 साली संस्थान भारतात विलीन झाले. 1956 साली त्याचे गाव मुंबई राज्यात आले, 1960 साली महाराष्ट्रात, आणि 1982 साली लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. घराचा उंबरठा न ओलांडता या माणसाचा पत्ता इतक्या वेळा बदलला. त्याच्या जन्मापुढे नातवाने 'जिल्हा लातूर, महाराष्ट्र' एवढेच लिहिले, तर पणतू लातूरच्याच कचेरीत खेटे घालील. आणि जुन्या अमदानीचे उर्दू दप्तर हैदराबादेतही पाहावयास हवे, हे त्याच्या ध्यानी येणार नाही.

कागदपत्रे जतन होतात ती त्या त्या काळच्या राज्याच्या आणि परगण्याच्या नावाखाली. काशीच्या किंवा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे गेलात, तर तेही प्रथम गाव विचारतात. आडनाव सांगून भागत नाही, कारण त्याच आडनावाची घराणी अनेक असतात. गाव चुकले की हवे ते पान सापडणे कठीण. वारसाचा प्रश्न असो, जातीचा दाखला असो, की निव्वळ पूर्वजांविषयीचे कुतूहल असो, शोध अडतो तो पुष्कळदा येथेच.

मग नोंद करावी कशी? कागदावर जे नाव असेल ते जसेच्या तसे उतरावे. 'बुद्रुक', 'खुर्द' किंवा 'नजीक अमुक' हे शब्द कधीही गाळू नयेत. बुद्रुक म्हणजे मोठे आणि खुर्द म्हणजे धाकटे. एकाच नावाची दोन गावे वेगळी ओळखता यावीत म्हणूनच ते जोडलेले असतात. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो आणि शब्द सलग लिहिलेले असतात, म्हणून वाचनाविषयी शंका असेल तर शंका म्हणूनच लिहावी. नावासोबत त्या वेळचा तालुका, परगणा वा संस्थान द्यावे. आजचे नाव, तालुका आणि जिल्हा जरूर द्यावा, पण वेगळ्या रकान्यात, आणि आपण लिहितो ते साल घालून. जुन्या ग्रंथांत 'हल्ली' हा शब्द फार येतो, आणि ही 'हल्ली' कोणत्या सालची, ते कळत नाही. आपले आजही उद्या तसेच जुने होणार आहे.

बडोदे, ग्वाल्हेर, तंजावर येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घराण्यांना हे विशेष सांगावेसे वाटते. आपल्या मूळ गावाशी त्यांचा संबंध पुष्कळदा आडनावातल्या 'कर' या दोन अक्षरांपुरताच उरलेला असतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना ते गाव कोणत्या नदीकाठी होते, जवळ बाजार कोठला, कुलदैवत कोणते, हे आजच विचारून ठेवावे.

माझ्या स्नेह्यांनी आपली वंशावळ पुन्हा लिहून काढली आहे. 'इंदूर, नजीक बोधन' हे शब्द आता आपल्या जागी आले आहेत. आजोबांची चूकही त्यांनी तारखेसह समासात नोंदवून ठेवली आहे. होळकरांच्या दरबाराचा मान गेला, याचे घरातल्या काही मंडळींना थोडे वाईट वाटले. पण या वर्षी ते सारे कुटुंब प्रथमच बोधनला जाऊन आले.