उशीर कुणाचा आणि किंमत कुणाला?

उरवड्यात जमिनीच्या दाव्यांची माहिती नाही असं घर विरळाच, म्हणून आज आपण कोर्टातल्या उशिराबद्दल बोलू.

प्रश्न असा. पूर्ण साक्षीपुरावा न घेता लवकर निकाल द्या, असा एक अर्ज असतो. त्याला ‘समरी जजमेंट’ म्हणतात. आता घाईची मागणी करणाराच उशिरा आला, तर कोर्टाने त्याला परवानगी द्यावी का? ऐकायला गंमत वाटते, पण याला मोठा इतिहास आहे.

1855 साली इंग्लंडमध्ये हुंड्या आणि वचनचिठ्ठ्यांसाठी झटपट दाव्याचा कायदा झाला. पैसे देय झाल्यापासून सहा महिन्यांत वादीने दावा लावायचा. प्रतिवादीला मात्र समन्स मिळाल्यापासून बाराच दिवस. तेवढ्यात कोर्टाची परवानगी काढली नाही, तर त्याला बचावच करता येत नसे. यात एक बारीक गोष्ट पाहा. वादीचे सहा महिने टळले तर फक्त आडवाट बंद व्हायची, नेहमीचा दावा लावायला तो मोकळाच होता. प्रतिवादीचे बारा दिवस टळले, तर त्याचं म्हणणंच बुडायचं. उशीर दोघांचा, पण किंमत सारखी नाही.

हे आपल्या पुणे जिल्ह्याने फार महाग शिकून घेतलं आहे. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जखताला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू रयतेच्या भल्याचा होता. झालं उलटंच. मुदत संपत आली की सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवं खत लिहून घ्यायचा, नाहीतर दावा लावायचा. कुणबी कोर्टात जायचाच नाही, आणि एकतर्फी हुकूमनामा व्हायचा. हे दावे नावाने ‘समरी’ नव्हते, परिणाम मात्र तोच. 12 मे 1875 ला सुप्याच्या बाजारात लोक उठले आणि खतं जाळली. पुढे चौकशी आयोग बसला आणि 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्यात कोर्टावरच जबाबदारी टाकली: प्रतिवादीला विचारा, खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा सगळा इतिहास तपासा. दाव्याची मुदतही वाढवली, म्हणजे खतं बदलण्याची घाई कमी व्हावी.

आजचा कायदा काय म्हणतो? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 37 खाली बचावाची परवानगी मागायला दहा दिवस मिळतात. पुरेसं कारण दाखवलं तर कोर्ट उशीर माफ करू शकतं. 2015 च्या व्यापारी न्यायालयांच्या कायद्याने आदेश 13-अ आणला. त्याखाली वादी किंवा प्रतिवादी, कुणीही झटपट निकाल मागू शकतो. पण समन्स बजावल्यानंतर आणि कोर्टाने वादमुद्दे काढण्याआधी. मुद्दे निघाले की असा अर्ज करता येणार नाही, असे कायद्याचे स्पष्ट शब्द आहेत. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत थोडं वेगळं आहे. तिथे न्यायाधीश वेळापत्रक ठरवून देतात, आणि ते मोडायचं तर सबळ कारण दाखवून परवानगी घ्यावी लागते.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारी माणसं, वकील नाही. तरी आम्हाला वाटतं ते सांगतो. ‘उशीर का झाला?’ हा प्रश्न दोघांनाही विचारावा, पण तराजू एक नसावा. ऐकून घ्या म्हणणारा उशिरा आला, तर कोर्टाने मन मोठं करावं, कारण दार लागलं की त्याच्याकडे काही उरत नाही. दुसऱ्याला कमी ऐका म्हणणारा उशिरा आला, तर त्याने कारण पक्कं आणावं. नाही मिळाली परवानगी, तर त्याचं काय जातं? रीतसर सुनावणी तर होणारच असते.

कुणी म्हणेल, खटले वर्षानुवर्षं रखडतात, तेव्हा शेवटी शेवटी का होईना, झटपट निकाल लागला तर बिघडलं कुठे? आक्षेप खरा आहे, रखडलेला न्यायही माणसाला बुडवतो. पण सुप्याला जी खतं जळली, त्यांच्यावरचे हुकूमनामे काही रखडलेले नव्हते. ते फार लवकर झाले होते.