गुरांची डॉक्टरीण

बारावीनंतर आपल्या वर्गातली एक जण परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात गेली, तेव्हा "गुरांची डॉक्टरीण" म्हणून आपण तिला चिडवलं. त्यात मीही होते.

या विद्येची सुरुवात खरंच गुराघोड्यांपासून झाली. फ्रान्समधल्या ल्यों शहरात १७६२ साली पहिलं विद्यालय उघडलं, परळचं १८८६चं. कुत्र्यामांजरांच्या शस्त्रक्रियेकडे स्वतंत्र लक्ष गेलं ते बरंच नंतर. कुत्र्याच्या गुडघ्यातला अस्थिबंध तुटला की तो लंगडतो. १९५२ साली फिनलंडच्या साकी पात्सामा यांनी मांडीच्या स्नायूवरच्या आवरणाची पट्टी हाडातून ओवून नवा बंध तयार करण्याची पद्धत मांडली. १९९३ साली अमेरिकेतल्या बार्कले स्लोकम यांनी वेगळा विचार मांडला. नडगीच्या माथ्याला उतार असतो, त्यामुळे पाऊल टाकताना नडगी पुढे सरकते. मग बंध कशाला, उतारच कमी करा! हाड गोलाकार कापायचं, फिरवायचं, धातूच्या पट्टीने पक्कं करायचं.

गेल्या वर्षी आमच्या लॅब्रॅडॉरवर हीच शस्त्रक्रिया झाली. एक्स-रेवर पेन्सिलीने कोन आखून मला समजावणारी सर्जन म्हणजे आपली तीच मैत्रीण. इंजिनिअर मी, पण भूमिती खरी तिच्या हातात उतरली. कुत्रा आता जिने चढतो.

तिची माफी मी तेव्हाच मागितली. आज वर्गाच्या वतीने पुन्हा मागते.