विष्णुगयेची पायवाट

दुसरबीडची मंडळी बिबीवरून लोणारास जातात ती धारेच्या स्नानासाठी. स्नान, दर्शन, फराळ, की लगेच परतीची घाई! वास्तविक लोणार पाहावे ते पायी आणि अख्खा दिवस हाती ठेवून.

प्रारंभ गावातील दैत्यसूदनापासून करावा. भगवान विष्णूने लवणासुराचा वध केला तो येथेच, अशी पुराणकथा आहे. मंदिराची बांधणी तारकाकृती असून छतावर दैत्यवधाचे प्रसंग कोरले आहेत. मान दुखेपर्यंत पाहत राहावे असे ते काम आहे. लोक त्यास सरसकट हेमाडपंती म्हणतात. हेमाडपंत हा १३ व्या शतकातील यादवांचा मंत्री. वऱ्हाडातील अशी कित्येक मंदिरे मात्र त्याच्याही आधीची आहेत.

तेथून धारेवर यावे. गोमुखातून गोडे पाणी बारमाही पडते, आणि तीच वाट खाली खाऱ्या सरोवराकडे उतरते. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. ते उल्कापाताने झाले, हे १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने पक्के केले. पण क्षेत्राची कीर्ती फार जुनी. अकबराच्या काळातील ‘आईन-ए-अकबरी’त ब्राह्मण यास विष्णुगया म्हणतात अशी नोंद आहे, आणि या पाण्यातील खार काच व साबण करण्यास उपयोगी पडतो, हेही लिहिले आहे.

खाली काठाकाठाने चालताना झाडीत एकामागून एक देवळे लागतात. कमळजादेवीस नवरात्रात गर्दी लोटते; तेथे दिवा आहे. बाकी कित्येक ठिकाणी छत खचलेले, खांबांत मुळ्या शिरलेल्या, पिंडीवर पालापाचोळा. तरीही कोरीव दगड जागेवर आहेत, म्हणूनच मूळ मंदिर कसे होते ते आजही ओळखता येते. नव्या फरशीच्या हौसेपायी जेथे जुने दगड उचलून नाल्यात टाकले गेले, तेथे सांगण्यासारखे काहीच उरले नाही.

आपल्या तालुक्याच्या गावी, सिंदखेडराजास, जून २०२४ मध्ये लखुजीराजे जाधवांच्या समाधीजवळ पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात शेषशायी विष्णूची भव्य मूर्ती निघाली. जिजाऊंच्या माहेरी येणाऱ्या हजारो माणसांच्या पायांखाली देव निजलेले होते, आणि कोणास त्याची वार्ताही नव्हती.