अक्षरांच्या मापाची वही

(सामुदायिक रेडिओवर झालेले भाषण)

आज इतिहास सांगायचा आहे, पण राजाराण्यांचा नाही. एका लहानशा प्रोग्रामचा. नाव ऐकून रेडिओ बंद करू नका, कारण गोष्ट मापाची आहे आणि मापं आपल्याला कुणी शिकवायला नकोत.

सुरुवात माझ्याच फजितीपासून करते. आमच्या बचत गटांची वार्षिक पुस्तिका मी घरच्या संगणकावर जुळवली होती. छपाई दुसऱ्या गावात करायची होती, म्हणून फाइल पेन ड्राइव्हवर घालून पाठवली. पुस्तिका छापून आली. शेवटच्या पानावर सभासदांची यादी होती. माझ्या पडद्यावर ४२ नावं होती आणि छापलेल्या पानावर ३९. एक काकू यादीवरून दोनदा बोट फिरवून म्हणाल्या, "अगं, हप्ते तर मी सगळे भरलेत. नाव कुठं गेलं माझं?" मला तोंड वर करवेना.

नाव कुणी खोडलं नव्हतं. मी वापरलेला फाँट छापखान्याच्या संगणकावर नव्हता, म्हणून त्यानं आपल्याजवळचा दुसरा घातला. त्या फाँटची अक्षरं किंचित रुंद होती. ओळी वेगळ्या ठिकाणी तुटल्या, यादी लांबली आणि चौकटीबाहेर गेलेली शेवटची तीन नावं छापलीच गेली नाहीत. अक्षराच्या रुंदीतल्या केसाएवढ्या फरकानं तिघींची नावं गेली.

तेव्हापासून हे रुंदीचं प्रकरण काय आहे ते मी शोधत राहिले आणि त्यातून ही गोष्ट हाती लागली.

शिंप्याकडे ब्लाउज शिवायला टाकतो तेव्हा आपण स्वतः तिथं बसून राहत नाही. वहीत मापं असतात, छाती इतकी, बाही इतकी, उंची इतकी. तो कापतो ते वहीवरून. पान जुळवणारा प्रोग्रामही तसंच करतो. त्याला 'क' दिसतो कसा, त्याचं पोट गोल आहे की नाही, याच्याशी काही देणंघेणं नसतं. अक्षर किती रुंद, रेघेच्या वर किती, खाली किती, आणि कोणतं अक्षर शेजारी आलं तर किती जवळ सरकवायचं, एवढंच तो बघतो. या गोष्टीतल्या प्रोग्रामात ही मापं वेगळ्या फाइलीत असतात. आकार एका जागी, माप दुसऱ्या जागी.

आता अमेरिकेत जाऊ, कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात. तिथं डोनाल्ड क्नुथ नावाचे प्राध्यापक. संगणकाच्या शास्त्रावर त्यांची मोठी ग्रंथमाला चाललेली. पहिले खंड शिशाच्या टाइपात सुरेख छापलेले होते. १९७७ साली दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली ती फोटोच्या नव्या पद्धतीनं जुळवलेली. ती बघून त्यांचं मन उतरलं. अक्षरं ओबडधोबड आणि अंतरं विचित्र. मग हे काम आपणच संगणकाकडून करून घेऊ असं त्यांनी ठरवलं. वर्षभरात उरकेल असा अंदाज होता, गेली जवळजवळ दहा वर्षं. (घर बांधायला काढलेल्यांना हे नवीन वाटणार नाही.) सुरुवातीला हे सगळं फक्त स्वतःसाठी आणि आपल्या सेक्रेटरी फिलिस विंकलर यांच्यासाठी, असंच त्यांच्या मनात होतं. पुढं जगभरचे गणिती ते वापरू लागले. त्या पान जुळवणाऱ्या प्रोग्रामचं नाव टेख.

टेखसाठी मापांची वही लागली. आज चालते तिची मांडणी १९८० साली लाइल रॅमशॉ यांनी आखली. वही फार काटकसरीची होती, कारण त्या काळी संगणकात जागा म्हणजे मुंबईतली खोली. कोणतंही माप अक्षराच्या मूळ आकाराच्या पटीत लिहायचं, आणि त्या आकाराचे १०,४८,५७६ भाग कल्पून त्यातले किती ते सांगायचं. एका फाँटमध्ये फार तर २५६ अक्षरं. रुंदीची मापं २५६ पर्यंत चालतील, पण उंचीची वेगवेगळी मापं फक्त १६ आणि रेघेखालच्या खोलीचीही १६. हे १६ लक्षात ठेवा, पुढं लागणार आहेत.

ही वही माणसाला वाचता येत नाही, आत नुसते आकडे ठासून भरलेले. म्हणून ती उलगडून दाखवणारा प्रोग्राम लागला. अमुक अक्षर, रुंदी इतकी, उंची इतकी, असं तो ओळीओळीनं लिहून देतो. त्याचा जोडीदार प्रोग्राम उलटं करतो. वाचण्याजोगी यादी घेतो आणि पुन्हा घट्ट वही बांधून देतो. यांतला पहिला लिओ गीबास यांनी १९७८ च्या उन्हाळ्यात रचला. पुढं फ्रँक लियांग, डग वायट, रॅमशॉ आणि स्वतः क्नुथ यांचे हात त्यावरून फिरले.

मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. वहीच्या सुरुवातीला १२ आकडे असतात. एकूण पानं किती, रुंद्या किती, उंच्या किती, असे. प्रोग्राम आधी त्यांची बेरीज जुळते का ते पाहतो. नाही जुळली तर माफी मागून थांबतो आणि विचारतो, ही खरंच मापांची फाइल आहे ना? बचत गटाच्या हिशोबनिसानं घ्यावा असाच हा धडा. आधी बेरीज, मग बाकीचं.

हे प्रोग्राम पास्कल नावाच्या संगणक-भाषेत होते. निकलाउस विर्थ यांनी १९७० च्या सुमारास ती विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी घडवली. भाषा शिस्तीची, वळणदार. पण १९८० च्या दशकात विद्यापीठांतून युनिक्स नावाची व्यवस्था पसरली आणि तिची घरची भाषा होती 'सी'. कम्पाइलर म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्राम यंत्राला समजेल असा करून देणारा दुभाषा. 'सी'चा दुभाषा युनिक्सच्या प्रत्येक यंत्रावर असायचा. पास्कलचा कुठं असायचा, कुठं नसायचा, आणि असला तरी प्रत्येकाची बोली वेगळी. मापांची वही उलगडणारा प्रोग्राम शुद्ध पास्कलमध्ये लिहिलेला. सूट एवढीच घेतलेली की छापायच्या मजकुरात इंग्रजीची लहान लिपी आहे, कारण काही यंत्रांना तेव्हा मोठ्या लिपीपलीकडे काही येत नव्हतं. तरीही तो खुद्द स्टॅनफर्डात पहिल्यांदा चालला नाही! फाइल उघडताना तिथल्या पास्कलला एक खास खूण द्यावी लागत होती. लेखकानं हे प्रोग्रामातच नमूद करून ठेवलंय. स्वतःची फजिती अशी लिहून ठेवणारी माणसं मला भरवशाची वाटतात.

मग हा प्रोग्राम 'सी'त कसा न्यायचा? पहिला विचार कुणाच्याही मनात येईल तो असा, की बसा आणि नव्यानं लिहून काढा. पण नव्यानं लिहिताना हात चुकतो. एखादं माप दहा लाखांतल्या एका भागानं चुकलं तर कुणाला कळणारही नाही, आणि शंभर पानांनंतर एखादी ओळ दुसरीकडे तुटेल. क्नुथांनी म्हणूनच मुळापासून सोय केली होती. मूळ प्रोग्रामाला हात लावायचा नाही. तुमच्या यंत्रासाठी जे बदलायचं ते वेगळ्या कागदावर लिहायचं. आधी मुळातल्या जुन्या ओळी जशाच्या तशा, आणि त्यांखाली त्यांच्या जागी यायच्या नव्या ओळी. टँगल नावाचा प्रोग्राम दोन्ही कागद शेजारी ठेवून तिसरा, चालणारा प्रोग्राम काढतो. जुन्या ओळी मुळाशी तंतोतंत जुळल्या नाहीत तर तक्रार करतो.

आपल्याकडं चांगली शिवणारी बाई कागदी कटिंग जपून ठेवते. एकीचा खांदा उतरता असला म्हणून ती मूळ कागद कापत नाही, वर चिठ्ठी टाचते: "हिच्यासाठी इथं अर्धा इंच कमी." ही चिठ्ठीचीच रीत.

गंमत म्हणजे टँगलही त्याच रीतीनं लिहिलेला आहे. म्हणजे टँगल तयार करायला आधी टँगल हवा. विरजणासारखंच झालं, दही लावायला आधी चमचाभर दही लागतं. म्हणून तयार टँगलची एक प्रत विरजणासारखी सोबत देतात.

युनिक्सच्या पास्कलसाठी अशा चिठ्ठ्या हॉवर्ड ट्रिकी आणि पॅवेल कर्टिस यांनी लिहिल्या होत्या. १९८७ साली टॉमस रोकिकी यांनी त्यांच्या आधारानं टेख पास्कलमधून 'सी'त उतरवणारी यंत्रणा बांधली. टिम मॉर्गन यांनी ती वाढवून मापांच्या प्रोग्रामांसकट बाकीच्यांनाही लागू केली. १९९० पासून कार्ल बेरी यांनी सांभाळली, नंतर ओलाफ वेबर यांनी.

चिठ्ठीत काय लिहावं लागलं याचा एक नमुना सांगते. मापांची सगळी वही प्रोग्राम एका लांब कपाटात ओततो. प्रत्येक कप्प्याला क्रमांक. पास्कलमध्ये कप्पे कुठूनही मोजता येतात, आणि इथं ते उणे १००० पासून मोजले होते. हे उणे कप्पे रिकामेच. बिघडलेल्या फाइलीतला एखादा चुकीचा आकडा प्रोग्रामाला कपाटाच्या मागं घेऊन गेला तर तो धडपडू नये, म्हणून ठेवलेली पडवीच म्हणा. 'सी'त मात्र मोजणी शून्यापासूनच होते, उणे कप्पा नाहीच. मग काय करणार? मूळ प्रोग्रामातल्या शेकडो जागी क्रमांक बदलायचे? चिठ्ठीत एवढंच लिहिलं की कपाट मोठं घ्या आणि "सुरुवात" म्हणून जी जागा दाखवायची ती हजारेक कप्पे पुढं दाखवा. बाकी प्रोग्रामला पत्ताही नाही. दुसरी अडचण अशी की मापाचा प्रत्येक सुटा आकडा शून्य ते २५५ मधला, आणि 'सी' काही यंत्रांवर १२७ पुढच्या आकड्याला उणे समजते. तिथं डोळ्यात तेल घालून बघावं लागतं. फाँट रुंदीऐवजी उणी रुंदी घेऊन बसला तर ओळ मागं धावेल.

आणि हे काम बरोबर झालं हे कशावरून? वही उलगडायची, पुन्हा बांधायची. आधीची आणि नंतरची, दोन्ही सारख्याच हव्यात. रुंदी दशांशात लिहिताना प्रोग्राम नेमके तेवढेच अंक लिहितो, ज्यांवरून मूळ माप हुबेहूब परत मिळेल. कमी नाही, उगाच जास्तही नाही.

हा हट्ट कशासाठी, ते १९९२ साली दिसलं. क्नुथांनी आपल्या फाँटमधली काही अक्षरं सुधारली. ग्रीक डेल्टा बदलला, बाण बदलले. मापं मात्र तीच ठेवली. त्यामुळे जुनं पुस्तक नव्या अक्षरांत काढलं तरी प्रत्येक ओळ पूर्वीच्याच जागी तुटते. माझ्या यादीच्या वेळी नेमकं याच्या उलटं झालं होतं.

या कामात बायका कुठं होत्या, असं तुम्ही विचारालच. बार्बरा बीटन हे नाव लिहून ठेवा. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीत काम केलेल्या बीटनबाई १९८३ साली टेख वापरणाऱ्यांच्या नियतकालिकाच्या संपादक झाल्या. जगभरातून येणाऱ्या चुकांच्या तक्रारी त्या गोळा करत, पारखत आणि खऱ्या तेवढ्याच क्नुथांकडे पाठवत. निवडून पाखडून दाणे पुढं द्यायचे, हे काम ज्यानं केलंय त्यालाच त्याचा शीण माहीत.

आता ते १६. इंग्रजीला उंचीची १६ मापं पुरतात. आपल्या लिपीचं काय? शिरोरेघेवर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, चंद्रकोर. खाली उकार, ऋकार, हलन्त. शिवाय जोडाक्षरं. उंच्या १६ पेक्षा जास्त झाल्या की वही बांधणारा प्रोग्राम जवळजवळच्या उंच्या एकाच मापात बसवतो आणि तसं कळवतो. म्हणजे पाच बहिणींना एकाच मापाचा परकर. फाँट करणाऱ्यांनी या अडचणी ओळखून वाटा काढल्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले पीयूष घोष यांचा भारतीय लिप्यांच्या अक्षररचनेवरचा अहवाल स्टॅनफर्डनं १९८३ साली काढला. पुढं १९९१ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठात फ्रान्स वेल्थुइस यांनी टेखसाठी देवनागरी फाँट केला. २५६ घरांत सगळी जोडाक्षरं मावत नाहीत, म्हणून अर्धी अक्षरं आणि तुकडे ठेवले. कोणता तुकडा कुठं जोडायचा हे ठरवायला आधी चालणारा वेगळा प्रोग्राम लिहिला, तोही 'सी'तच.

गीबासांचं नाव मूळ प्रोग्रामाच्या सुरुवातीला आजही आहे आणि चिठ्ठी आजही वेगळ्या फाइलीत आहे. टेखचा संच आजही नव्यानं बांधतात तेव्हा टँगल दोन्ही कागद शेजारी ठेवतो.

आमच्या पुस्तिकेची यादी आम्ही वेगळ्या पानावर छापून आतून चिकटवली, ४२ नावांची. काकूंनी नाव बघितलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "वेलांटी चुकलीय." ती मात्र माझी चूक होती, फाँटची नाही.