तळटीप : जिवाणूजन्य नीळ आणि पॉलिएस्टरचा धागा

सिल्वासा परिसरातील कारखान्यांत पॉलिएस्टरचा धागा मोठ्या प्रमाणावर तयार होत असल्याने, मजकुरात उल्लेखिलेली ‘जिवाणूजन्य नीळ’ तेथे जशीच्या तशी उपयोगी पडेल असा समज होण्याचा संभव आहे. तो बरोबर नाही. १९८३ साली कॅलिफोर्नियातील ॲमजेन कंपनीत बर्ट एन्स्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्यूडोमोनास पुटिडा या मातीतील जिवाणूची नॅप्थलीनचे विघटन करणारी जनुके इ. कोलाय या आतड्यातील जिवाणूत घातली, तेव्हा त्याच्या वसाहतींत नीळ तयार झाली. इ. कोलाय ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून इंडोल स्वतःच बनवतो; बाहेरून आलेल्या विकरामुळे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनामुळे, त्याचे पुढे इंडॉक्सिल होते आणि हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन नीळ बनते. निळीच्या झाडापासून मिळणारा रेणू हाच. मात्र ती पाण्यात विरघळत नाही; अल्कलीत क्षपण करून विद्राव्य केल्यावरच ती धाग्यात शिरते, आणि ही रीत कापसाला मानवते, तर घट्ट बांधणीच्या पॉलिएस्टरला सुमारे १३० अंश सेल्सिअसला चढणारे डिस्पर्स रंग लागतात. सिल्वासाच्या दृष्टीने सेराशिया मार्सेसेन्स या जिवाणूचे प्रोडिजिओसिन हे लाल रंगद्रव्य अधिक विचारार्ह ठरते, कारण पाण्याशी फटकून वागणारा त्याचा रेणू कृत्रिम धाग्याला जवळचा आहे. परंतु ते उजेडात लवकर फिके पडते, शिवाय सेराशिया रुग्णालयांत संसर्गही घडवतो, म्हणून त्याची जनुके स्यूडोमोनास पुटिडाच्या निरुपद्रवी वाणात घालून रंग मिळवण्याचे प्रयोग झाले आहेत.